खुलभर दूध आणि गद्याणभर सोने : शिवस्थानांच्या कथांतील दानविचार

कोकणात शिवदर्शनासाठी हिंडणाऱ्या भाविकास एकच कथा ठिकठिकाणी ऐकावयास मिळते. गावाचे नाव बदलते, देवाचे नाव बदलते. कथा मात्र तीच. कोणा गृहस्थाची एक दुभती गाय असते. ती सकाळी रानात चरावयास जाते आणि सायंकाळी रिकाम्या कासेने परत येते. धन्यास गुराख्याचा संशय येतो. एके दिवशी तो स्वतःच गाईच्या मागोमाग झाडीत शिरतो आणि पाहतो, तो गाय एका पाषाणावर उभी असून तिच्या सडांतून आपोआप दुधाच्या धारा लागलेल्या! संतापाच्या भरात तो हातातील कोयतीने पाषाणावर घाव घालतो. पाषाणातून रक्त वाहू लागते. धनी भानावर येतो, लोटांगण घालतो, त्या जागी प्रथम घुमटी व कालांतराने देवालय उभे राहते. कित्येक स्वयंभू पिंडींवर तो घाव आजही श्रद्धेने दाखविला जातो.

कथा सांगणारा येथे थांबतो. ऐकणारा हात जोडतो आणि पुढील स्थानाकडे निघतो. परंतु या कथेने आपल्यापुढे एक प्रश्न ठेवलेला असतो आणि देवस्थानास यथाशक्ती काही अर्पण करण्याच्या इच्छेने आलेल्या भाविकाने तरी तो प्रश्न तसाच सोडून जाऊ नये. पाषाणावर सांडलेले ते दूध कोणाचे होते?

गाय धन्याची, तिला चारा-पाणी घालणारा तो, गोठा शाकारणारा तो. तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने दूध त्याचेच. कीर्तनकार बहुधा या मनुष्यास लोभी ठरवून मोकळे होतात. आम्हास हा न्याय पुरेसा वाटत नाही. एका गाईच्या दुधावर ज्याचे घर चालते, त्याने दुधाचा हिशेब ठेवला तर त्यात लोभ कोणता? घरात मूल असेल, म्हातारी आई असेल. त्या दिवसांत त्यांनी काय प्याले, हे कथा सांगत नाही. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कथेतील देवही त्यास शाप देत नाही. घाव सोसून तो तेथेच राहतो. ज्याने घाव घातला, बहुतेक कथांतून त्याच्याच हातची पहिली पूजा तो स्वीकारतो. मनुष्याच्या अजाण रागाची खूण अंगावर ठेवून त्याच्याच गावात वस्ती करणारा हा देव आहे.

यावर असे उत्तर दिले जाते की, सर्व काही मुळात देवाचेच आहे. गाय देवाची, दूध देवाचे, धनी केवळ निमित्तमात्र. उत्तर सुंदर आहे, पण ते फार सुंदर असल्यामुळेच त्याकडे जरा सावधपणे पाहिले पाहिजे. सर्व काही देवाचेच असेल, तर देवाच्या नावाने कोणीही कोणाकडून काहीही मागून घ्यावे, यास आडकाठी काय राहिली? या शंकेचे निरसन करण्यासाठी मोठे ग्रंथ चाळण्याचे कारण नाही. श्रावणी सोमवारी घराघरांतून वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी त्यासाठी पुरेशी आहे.

कहाणी बहुतेकांस ठाऊक आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, अशी एका राजाने इच्छा धरली. त्यासाठी गावातील प्रत्येकाने घरचे सर्व दूध देवळात आणून घालावे, असे त्याने फर्मान सोडले. राजाज्ञेच्या धाकाने लोकांनी मुलांना दूध दिले नाही, वासरांना पाजले नाही, होते नव्हते ते सर्व गाभाऱ्यात नेऊन ओतले. गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरातल्या लेकरांना, सुनांना दूध दिले होते, गाईवासरांना तृप्त केले होते आणि मग खुलभर दूध, गंधफूल व बेलपान घेऊन ती देवळात आली होती. तिने ते दूध भक्तिभावाने वाहिले आणि गाभारा भरून गेला.

खुला म्हणजे लहानसे भांडे. मुद्दा भांड्याच्या आकाराचा आहे, असे समजून 'गरिबाचे थोडेही देवास पुष्कळ' एवढाच अर्थ या कहाणीतून काढला जातो. तो खोटा नाही, परंतु कहाणीचा खरा रोख निराळा आहे. राजा गरीब असता तरी गाभारा भरला नसता. त्याने स्वतःच्या गोठ्यातले दूध ओतले असते तर कदाचित भरला असता. त्याने दुसऱ्याच्या पेल्यातले, दुसऱ्याच्या वासराच्या तोंडचे दूध आपल्या संकल्पासाठी घेतले, येथे सारे बिनसले. 'सर्व देवाचे' हे वाक्य म्हातारीने आपल्या खुल्याकडे पाहून म्हटले तर ती भक्ती होते. तेच राजाने गावच्या चरव्यांकडे बोट दाखवून म्हटले तर तो जुलूम होतो. शब्द तेच, ते कोणी व कशास उद्देशून उच्चारले, यावर त्यांचा खरेखोटेपणा अवलंबून आहे.

या कसोटीवर आता आपण ज्या भूमीत उभे आहोत तेथील एक प्रत्यक्ष घडलेले दान पाहू.

वाघोटण नदीच्या खाडीने समुद्रापासून आत येत गेले म्हणजे ज्या ठिकाणी जुना जलमार्ग संपून घाटाकडील खुष्कीचा मार्ग सुरू होत असे, तेथे खारेपाटण वसले आहे. गाळाने खाडी भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली आणि आज मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशास हे एकेकाळचे भरभराटीचे बंदर होते, हे सांगूनही पटत नाही. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजांचे बलिपत्तन ते हेच, असे अभ्यासकांचे मत आहे. या घराण्यातील रट्टराजाने शके ९३०, कीलक संवत्सरी, ज्येष्ठ पौर्णिमेस म्हणजे इ. स. १००८ मध्ये दिलेला ताम्रपट खारेपाटण येथे मिळाला. आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याचे प्रथम वाचन प्रसिद्ध केले. बाळशास्त्री शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. आपल्याच मुलखाचा आठशे वर्षांपूर्वीचा आवाज त्यांच्या हाती लागावा, हा योगायोग मोठा गोड आहे. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडिताने 'एपिग्राफिया इंडिका'त व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखसंग्रहात या ताम्रपटाचे संपादन केले.

सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या प्रदेशाचा स्वामी झालेल्या सणफुल्लापासून रट्टराजापर्यंतची वंशावळ या ताम्रपटात आहे. इतिहासकार तिच्यासाठी तो वाचतात. भाविकाने मात्र वंशावळीपुढील भाग वाचावा. अव्वेश्वर नामक शिवाच्या देवालयासाठी, मत्तमयूर या शैव परंपरेतील आत्रेय नावाच्या आचार्यास, कूष्मांडी, असनवीर व वडंगुल ही तीन गावे राजाने दिली. उद्देश स्पष्ट लिहिले आहेत. देवाची पंचोपचार पूजा, देवालयाची डागडुजी, तपस्व्यांचे अन्नवस्त्र, तसेच शिष्य, विद्वान व अतिथी यांचा योगक्षेम. याखेरीज परद्वीपांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोने आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक धरण सोने देवास लावून दिले. चेमुल्य म्हणजे आजचे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर, येथील जहाजांस यातून वगळले होते.

आता प्रश्न उभा राहतो. हे सोने राजाने दिले की जहाजवाल्याने? ताम्रपटावर नाव राजाचे आहे. वाऱ्यावादळातून, चाच्यांच्या भयातून माल घेऊन आलेला खलाशी धक्क्यास लागला की गद्याण मोजून देई. तो कोणत्या देशाचा, कोणत्या दैवताचा उपासक, हे कोणी विचारीत नव्हते. त्याने ते संकल्प सोडून दिले नव्हते. द्यावे लागत होते म्हणून दिले होते. खुलभर दुधाच्या कहाणीतील राजा व हा राजा यांत अंतर ते कोणते?

अंतर आहे, असे आम्हास वाटते, आणि ते बारकाईने पाहिले पाहिजे. कहाणीतील राजाने सर्व दूध मागितले. येथे भार ठरलेला आहे, तो आधी जाहीर आहे आणि माल घेऊन येणाऱ्या जहाजावर आहे, घरातल्या मुलाच्या पेल्यावर नाही. शिवाय कहाणीतील दूध गाभाऱ्यात ओतले जाऊन तेथेच संपणार होते, त्यातून कोणाचेही पोट भरणार नव्हते. अव्वेश्वराचे सोने देवाच्या दारातून पुन्हा बाहेर पडत होते. शिकणाऱ्या मुलाच्या मुखी जात होते, वाटसरूच्या पानात पडत होते. किनाऱ्यास लागलेला परमुलखातील मनुष्यही कधी त्या अतिथींत असू शकेल. देवास दिलेले देवापाशी साठून राहत नाही, तर पूजेच्या वाटेने माणसांकडे परत येते. निदान तसे ते यावे, अशी तजवीज त्या पत्र्यावर कोरून ठेवलेली आहे. कराने दान होत नाही हे खरे, परंतु कराचा विनियोग धर्माने होऊ शकतो.

(जाता जाता एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. याच खारेपाटणास उत्तर कोकणच्या शिलाहारांचाही एक ताम्रपट मिळालेला आहे. शके १०१६ मधील त्या लेखाने अनंतदेव राजाने भाभण व धणम या दोघा मंत्रिबंधूंच्या जहाजांस ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत जकात माफ केली. एका पत्र्यावर जहाजांनी देवास काय द्यावे ते लिहिले आहे, तर दुसऱ्यावर कोणाच्या जहाजांनी काहीच देऊ नये ते. दोन्ही एकाच गावी सापडावेत, यावर अधिक भाष्य नको.)

रट्टराजाच्या दानातील एका कलमापाशी मात्र आजच्या वाचकाचे मन अडखळते आणि ते अडखळावयासच हवे. गावे व सोने यांच्यासोबत देवालयास काही कुटुंबेही दिलेली आहेत. सेविका, तेल्याचे कुटुंब, माळ्याचे, कुंभाराचे, परटाचे. दिव्यास तेल हवे, देवास फुले हवीत, स्वयंपाकास मडकी हवीत, धूतवस्त्रे हवीत. म्हणून ती पुरविणारी माणसेच लावून दिली. त्या काळाची रीतच तशी होती, असे म्हणून हा प्रश्न मिटविता येतो. परंतु आपण आताच जी कसोटी मान्य केली, तिच्यापुढे ही रीत टिकत नाही. राजाने स्वतःचे दिले पाहिजे. दुसऱ्याचे आयुष्य हे त्याचे स्वतःचे नव्हे. दान म्हणून नोंदलेल्या त्या माळ्याने रोज पहाटे खुडलेली फुले कोणाची? रट्टराजाच्या पुण्यखाती ती जमा झाली असतील, तर शिवाच्या हिशेबात काही चूक आहे असे म्हणावे लागेल. आम्हास वाटते, त्या हिशेबात माळ्याचे नाव आहे. ताम्रपटात नाही, इतकेच.

दुसरे असे की, ज्या अव्वेश्वरासाठी एवढी व्यवस्था केली, त्या नावाचे देवालय आज भाविकास दाखविता येत नाही. दात्याचे नाव, वंश, तिथी, संवत्सर, गावांची नावे, सोन्याची परिमाणे, सारे हजार वर्षे तांब्यावर टिकले. ज्याच्यासाठी तांबे कोरले तो दिवा विझला.

याच्या नेमके उलट उदाहरण पाहावयाचे असेल तर समुद्रकाठी देवगड तालुक्यातील कुणकेश्वरास जावे. दक्षिण कोकणची काशी म्हणून ख्याती पावलेले हे स्थान महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे सर्वांस परिचित आहे. तेथील आख्यायिका अशी सांगितली जाते की, एका परदेशी मुसलमान व्यापाऱ्याचे गलबत या किनाऱ्याजवळ वादळात सापडले. काळोखात त्यास किनाऱ्यावर एक मिणमिणता प्रकाश दिसला. ज्याचा हा दिवा, त्याने मला तारले तर मी त्याचे देऊळ बांधीन, असा नवस तो बोलला. वादळ शमले. किनाऱ्यास येऊन पाहतो तो प्रकाशाच्या जागी शिवलिंग! दिलेल्या शब्दास जागून त्याने देवालय बांधले. परंतु ते पुरे झाल्यावर आता आपले स्वधर्मीय आपणास जवळ करणार नाहीत, या विचाराने त्याने देवळाच्या माथ्यावरून उडी घेऊन देह ठेवला. देवालयाजवळ त्याची म्हणून एक कबर दाखविली जाते.

इतिहासाच्या पुराव्याने ही कथा सिद्ध करता येणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. हिंदू देवालयाच्या सावलीत एका मुसलमान दात्याची कबर आपली म्हणून सांभाळणारा समाज ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला, हेच सत्य पुरेसे वजनदार आहे. येथे देवालय उभे आहे, दात्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही. नवस बोलताना त्याने देवाचेही नाव घेतले नव्हते; त्यास ते माहीतच नव्हते. ज्याचा दिवा, त्याला. खारेपाटणच्या धक्क्यावर गद्याण मोजणारा खलाशी आणि कुणकेश्वरी देऊळ बांधणारा हा व्यापारी, दोघेही समुद्रावरून आलेले परके. एकाने नियमाने दिले, दुसऱ्याने शब्दाखातर. दुसऱ्याचे दान कोणत्याही अर्थाने त्याचे स्वतःचेच होते, आणि तरीही ते देऊन झाल्यावर त्यास उभे राहण्यास जागा उरली नाही. कथा सांगताना आपण त्याच्या धर्मबांधवांस नावे ठेवतो. त्यास दुसऱ्या बाजूने कोणी घरात घेतले असते काय, हे विचारीत नाही. कथेतील मौन दोन्हीकडचे आहे.

तो दिवा कोणी लावला होता, हेही कथा सांगत नाही. कोणी म्हणेल, ते देवाचे स्वयंप्रकाशी तेज होते. असेल. पण कोणी गुराख्याने, कोणी कोळ्याने, रानातल्या पिंडीपुढे सांजवेळी पणती लावून ठेवली असेल, अशी कल्पना केली तर देवाचा महिमा उणावत नाही. त्या पणतीतील तेलाचे मोल काय असावे? खुलभर दुधाहून कमीच.

जुन्या दानपत्रांच्या अखेरीस दान देणे व दिलेले दान पाळणे या दोहोंची तुलना करून पाळण्यास श्रेष्ठ म्हटलेले आढळते. राजे हे लिहून ठेवीत ते पुढील राजांनी गावे काढून घेऊ नयेत म्हणून. हेतू उघडच व्यवहाराचा होता. पण बोलणे खरे आहे, हे कोकणातील देवालये ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको. जांभ्या दगडाच्या भिंती चार महिने पाणी पितात. नळ्याची अथवा मंगलोरी कौले सरकतात, फुटतात. वाशांना वाळवी लागते. दीपमाळेवर शेवाळ धरते. मे महिन्यात कौले परतली नाहीत तर आषाढात गाभाऱ्यात गळती लागते. या कामास मुहूर्त नाही, त्याची फरशी बसत नाही, वृत्तपत्रात छायाचित्र येत नाही. नवीन सभामंडप, नवीन कमान, कळस यांसाठी दाते मिळतात, आणि मिळावेत. परंतु 'यंदाचे तेल माझ्याकडून' किंवा 'यंदाची कौले माझ्याकडून' असे म्हणून येणारा दाता विरळा. रट्टराजाने डागडुजीचा खर्च ताम्रपटातच लिहून ठेवला होता, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. रोज पहाटे गाभारा उघडणारे गुरव, पालखीस खांदा देणारे, देवळाचे आवार लोटणारे, यांच्या हातून जे दान चालू असते ते कोणत्याच पावतीवर येत नाही.

नावाची फरशी बसविण्यात पाप आहे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. आईवडिलांच्या स्मरणार्थ मुलाने दिलेली देणगी, त्यांचे नाव दगडावर पाहून त्याचे भरून आलेले डोळे, हेही भक्तीचेच रूप आहे. फक्त दिलेल्या वस्तूवर आपला हात किती काळ ठेवावा, हा प्रश्न उरतो. त्यावर कोकणच्या मातीइतके जुने एक उत्तर आहे. भगवान परशुरामांनी जिंकलेली सर्व पृथ्वी कश्यपांस दान दिली. कश्यप म्हणाले, पृथ्वी आता माझी झाली, तेव्हा येथे तुम्ही राहू नये. परशुरामांनी हरकत घेतली नाही. दान दिलेल्या भूमीवर पाय ठेवणेही त्यांनी नाकारले आणि समुद्राकडे जागा मागितली. समुद्राने मागे सरून जी भूमी दिली तीच ही कोकणभूमी, अशी श्रद्धा आहे. म्हणजे ज्या मातीवर आपण देवळे बांधतो, देणग्या देतो आणि क्वचित देवस्थानच्या मानपानावरून भांडतोही, ती माती एका अशा दात्याच्या कथेतून वर आलेली आहे, ज्याने देऊन झाल्यावर हात पुरता काढून घेतला.

मालवण तालुक्यातील आचरे गावी ही श्रद्धा केवळ पुराणात राहिलेली नाही. तेथील श्री देव रामेश्वर हा गावाचा मालक मानला जातो. काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल घेऊन 'गावपळण' होते. ठरल्या दिवशी सारे गावकरी घरेदारे सोडून, मुलेबाळे, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर पडतात आणि माळावर, नदीकाठी राहुट्या उभारून तीन दिवस तीन रात्री काढतात. मोठा वाडा असो की लहान झोपडी, दारे एकसारखीच बंद होतात. या प्रथेमागील कारणे निरनिराळी सांगितली जातात. कोणी भुताखेतांचे नाव घेतात, कोणी साथीच्या रोगांचे. गावातील मंडळी मात्र कारणांची फारशी चिकित्सा करीत बसत नाहीत. राहुट्यांतून एकत्र स्वयंपाक होतात, रात्री भजने व गाणी रंगतात, मुंबईस असलेले चाकरमानी रजा काढून येतात. चौथ्या दिवशी रामेश्वरास कौल लावला जातो. कौल मिळाला तर गाव परततो. न मिळाल्यास मुक्काम आणखी वाढतो.